गुरुवारचे दत्ता

शाळेला घंटा नव्हती. कडुनिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं बांधलेला होता, आणि त्यावर लोखंडी खिळ्याचे ठोके पडले की पलीकडच्या टेकडीवरून तोच आवाज थोडा उशिरा, थोडा ओला होऊन परत यायचा. पावसाळ्यात त्यात धबधब्याचा आवाज मिसळे. इस्लापूरहून दोन कोस आत आमची निवासी शाळा होती, आजूबाजूच्या गोंड पाड्यांवरच्या मुलांसाठी. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, तिथं मुख्याध्यापक होते. आम्ही मूळचे हदगावचे. आण्णांची बदली झाली तेव्हा नातेवाइकांनी मायला विचारलं होतं, "तिकडं जंगलात लेकरू घेऊन जातीस?" माय म्हणाली होती, "तिकडं काय मान्सं राहत न्हाईत का?" पैनगंगेचं पाणी कपारीतून कोसळतं तो घुमारा दोन-तीन महिने आमच्या भिंतींतून, भांड्यांतून, अंथरुणातून येत राहायचा. पहिल्या वर्षी मला त्याची भीती वाटली. पुढं तो थांबला की झोप लागेनाशी झाली.

शाळेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि मागं चुलीची पडवी. माय ज्वारीची भाकरी थापायची तो आवाज आणि आण्णांचा पहाटेचा पाठ एकाच वेळी चालायचे. आमच्याकडं बहुतेक दिवस अंबाडीची भाजी, नाही तर येसराची आमटी. पण उन्हाळ्याच्या तोंडाला मुलं घरून मोहाची फुलं आणायची, आणि माय ती भाजून गुळात घोळवून परत त्यांनाच द्यायची. आण्णांना मोहाचा वास चालत नसे. ते नाकाला उपरणं लावून म्हणायचे, "घरात गुत्ता काढला का काय?" माय म्हणायची, "तुम्ही तिकडं तोंड करून बसा." वसतिगृहातली पोरं काही ना काही निमित्त काढून त्या पडवीत यायची. माय प्रत्येकाला पहिल्यांदा एकच विचारायची, "घरी काय म्हणतात रे तुला?" आणि मग तीच हाक मारायची. लच्छू, सोमा, पग्गू. शाळेच्या पटावर ही नावं नव्हती. ती फक्त आमच्या चुलीपाशी होती.

पटावरची नावं आण्णा ठेवायचे. हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण आण्णा वाईट माणूस नव्हते. जूनमध्ये ते पाड्यापाड्यांवर पायी फिरून मुलं गोळा करत. ताप आलेल्या पोराला पाठीवर घेऊन त्यांनी इस्लापूरचा दवाखाना गाठलेला मी पाहिला आहे. वसतिगृहाच्या डाळीत पाणी वाढवणाऱ्या कामाठ्याला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. पण त्यांची अशी ठाम समजूत होती की या मुलांना देवाचं नाव मिळालं पाहिजे. माहूर तिथून फार लांब नाही. दत्ताचं आणि रेणुकेचं राज्य. त्यामुळं गुरुवारी दाखल झालेला प्रत्येक मुलगा दत्ता. मंगळवारी आलेली प्रत्येक मुलगी रेणुका. शनिवारचे मारुती, सोमवारचे महादेव. नाव ठेवलं की आण्णा मुलाच्या कपाळाला बुक्का लावायचे, हातावर गूळ-फुटाणे ठेवायचे आणि मी रजिस्टरमध्ये नोंद करायचो. आण्णांच्या उजव्या हाताला कंप होता आणि माझं अक्षर वळणदार होतं. तेरा वर्षांचा होतो. आडनावाच्या रकान्यात सरसकट 'आदिवासी' लिहायचो. असं का, हे मी कधी विचारलं नाही. रकाने सरळ दिसायचे.

माय एकदा म्हणाली, "अहो, त्यांच्या मायबापानं ठेवलेल्या नावात काय वाईट हाय?"

"वाईट न्हाई गं. पण उद्या शहरात गेल्यावर लोक हसतील. देवाच्या नावाला कोण हसतंय?" आणि मग आण्णा पुराणातल्या त्या पापी माणसाची गोष्ट सांगायचे, ज्यानं मरताना पोराला हाक मारली आणि पोराचं नाव देवाचं होतं म्हणून तो तरला. "ह्यांच्या मायबापाला देव ठावा न्हाई. निदान लेकराला हाका मारता मारता तरी तरतील. जो असं नाव देतो त्यालाही पुण्य लागतं." हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडं पाहून म्हणायचे, आणि दौतीचं झाकण उघडताना मला खरंच काही तरी मोठं काम करत असल्यासारखं वाटायचं.

हसू यायचे प्रसंगही होते. एका वर्षी शाळेत अकरा दत्ता झाले. तपासणीला आलेले साहेब वर्गात बसून म्हणाले, "दत्ता, पाणी आण रे," तर अकरा पोरं उठली आणि अकरा गिलास घेऊन आली. साहेब घाबरले. "गुरुजी, हे काय? दत्तजयंती आहे का आज?" पोरांनी आपापसांत वेगळीच व्यवस्था लावली होती. "ए गुरुवार, तुझा बाप आलाय." "कोणता गुरुवार?" "कानफुट्या गुरुवार." पण पहिल्या आठवड्याची हजेरी मात्र हसण्यासारखी नसायची. आण्णा नाव घ्यायचे आणि कोणीच 'हजर' म्हणायचं नाही. मुलं समोर बसलेली असायची, डोळे उघडे, हात मांडीवर, आणि नाव त्यांच्या डोक्यांवरून जाऊन मागच्या भिंतीला लागायचं. आण्णा परत घ्यायचे. परत शांतता. मग ते उठून एकेकाच्या खांद्यावर हात ठेवायचे, "तू दत्ता. हजर म्हण." मी आजही कॉलेजात हजेरी घेताना एखादं पोरगं बोलायला जरा उशीर करतं तेव्हा माझ्या तळव्यांना घाम येतो.

जंगू माझ्याएवढाच होता. तो आमच्या क्वार्टरमागच्या माळावर बकऱ्या चारायचा, आणि तो शाळेत येईपर्यंतच्या दोन वर्षांत माझा एकुलता एक खरा दोस्त होता. ओढ्यात टोपली आडवी लावून मासे कसे धरायचे, कोणत्या झाडाचा डिंक खायचा, हे त्यानं मला शिकवलं. मी त्याला काहीच शिकवलं नाही. त्याच्या घरी एक गंमत होती. त्याची आजी त्याला नावानं हाक मारत नसे. "म्हाताऱ्या, इकडं ये," म्हणायची, आणि तो बारा-तेरा वर्षांचा पोरगा "आलो" म्हणून जायचा. मी हसलो तेव्हा तो गंभीर झाला. "हसू नको. जंगू माझ्या आज्याचं नाव हाय. तो मेल्यावर मी झालो. आजी म्हणती, तोच वापस आलाय. मंग नवऱ्याचं नाव बाई तोंडानं कशी घेईल?" त्याच्या ताटात आजी पहिला घास वाढायची आणि डोक्यावरचा पदर सावरायची. तो मान खाली घालून जेवायचा. त्या वेळी तो खरंच म्हातारा वाटायचा.

आषाढात एका गुरुवारी त्याचा बाप त्याला घेऊन शाळेत आला. बकऱ्या विकल्या होत्या. त्याच दिवशी धान्याचं कोठार तपासायला माणसं आली होती आणि आण्णा तिकडं अडकले होते. ते ऑफिसच्या दारातूनच मला म्हणाले, "एकच दाखला हाय. पोराला इचार, त्याच्या बापाला इचार, सांगतील ते लिही. मला वेळ न्हाई." एवढं बोलून ते गेले. सांगतील ते लिही. मी हे शब्द पंचेचाळीस वर्षं उलटसुलट करून पाहिले आहेत. त्यांचा दुसरा कुठलाही अर्थ निघत नाही.

जंगूचा बाप भीमा बाहेर भिंतीला टेकून बसला होता. जंगू टेबलापाशी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला बकऱ्यांचा वास येत होता.

"जंगू लिही. जंगू भीमा मडावी."

"आज गुरुवार हाय," मी म्हणालो.

"मंग?"

"गुरुवारी दत्ता असतंय."

"गुरुजी हायत का इथं? लिव्हणारा तूच हायस ना? लिही की." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दिनू, दुसरं लिव्हलं तर आजी मरंल. लिही ना रे."

"बरं, लिहितो."

मी टाक बुडवला. त्या पानावर वरपासून खालपर्यंत माझ्या अक्षरात त्या महिन्यातले दत्ता, मारुती, महादेव उभे होते. मला कुणी धमकावलं नव्हतं. जंगूचा मला राग नव्हता. उलट, तो मला आवडायचा, म्हणूनच मला वाटलं की यालाही देवाचं नाव मिळालं पाहिजे. इतक्या सगळ्यांना आण्णांनी तारलं, हा एक माझ्या हातून तरेल. मी 'दत्ता भीमा आदिवासी' असं लिहिलं. लिहिताना मला फार छान वाटलं. देवाच्या पुढं उभं राहिल्यासारखं. ही गोष्ट कबूल करणं मला सगळ्यात जड जातं.

जंगूला वाचता येत नव्हतं. त्यानं ओल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे जंगू?"

"हाव," मी म्हणालो.

त्यानं बोट उचलून पाहिलं. टोकाला निळी शाई लागली होती. ते बोट तो बापाला दाखवायला पळत गेला.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. पहिलीच्या लहान पोरांत तो डोकं वर काढून बसला होता. मी सातवीच्या रांगेत. शाळेच्या एकाच पडवीत सगळे वर्ग बसायचे. आण्णांनी रजिस्टरमध्ये होतं ते वाचलं, "दत्ता भीमा." भिंतीमागं धबधबा घुमत होता. "दत्ता भीमा." मी खाली पाहत होतो. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा मी सरकत जाऊन त्याला कोपरानं ढोसलं, "तूच हायस." त्यानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला वर्णन करता येत नाही. त्यात राग नव्हता. वाट चुकलेल्या माणसानं रस्ता विचारावा तशी होती. "हजर," तो म्हणाला. सुट्टीत ओढ्याजवळ त्यानं मला गाठलं, आणि त्यानं काही विचारायच्या आत मी म्हणालो, "आण्णांनी रात्री बदलायला लावलं. मी काय करू?" त्यानं मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला माझीच दया आली होती.

चार-पाच दिवसांनी त्याची आजी आली. मोहाच्या सुक्या फुलांचं गाठोडं घेऊन ती आमच्या पडवीत मायसमोर बसली. मराठी तिला तोडकीमोडकी यायची. गाठोड्याची गाठ तिनं सोडली. मग म्हणाली, "बाई, पोराचं नाव दत्ता झालं म्हनतेत."

"हाव," माय म्हणाली.

"आता मला हाक मारता येती. दत्ता म्हनता येतं. कायी अडचण न्हाई." ती थोडी हसली. मग तिनं विचारलं, "मंग माझा म्हातारा कुठं गेला?"

भाकरी तव्यावर करपली, तरी माय उलटायला उठली नाही. त्या रात्री ती आण्णांशी बोलली नाही, आणि आण्णांना वाटलं की मोहाच्या वासावरून काही तरी बिनसलं. आजी त्या दिवाळीच्या आधी गेली. वय झालं होतं, सगळे म्हणाले. मीही म्हणतो.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. पुढं मी नांदेडला बी. ए. करत असताना इतिहासाच्या पेपरात अमेरिकेचं प्रकरण आलं. मॅडम सपाट आवाजात नोट्स द्यायच्या. युरोपातून आलेल्या जहाजांत सैनिक होते तसे धर्मगुरूही होते. स्पेनचे लोक हल्ल्याच्या आधी एक जाहीरनामा वाचत: तुमची भूमी देवाच्या प्रतिनिधीनं आमच्या राजाला दिली आहे, धर्म मान्य करा, नाही तर होईल त्याला तुम्हीच जबाबदार. तो स्पॅनिशमध्ये वाचला जाई, ऐकणाऱ्यांना एक अक्षर कळत नसे. कधी रिकाम्या झोपड्यांपुढं वाचत, कधी झाडांपुढं. देवळं पाडून त्याच दगडांची चर्च उभी राहिली. मग मॅडम म्हणाल्या, "मुद्दा चौथा. सामूहिक धर्मांतर. एका दिवशी शेकडो लोकांचा बाप्तिस्मा होई आणि पुष्कळदा त्या दिवशीच्या सगळ्या पुरुषांना एकच नाव दिलं जाई, त्या दिवसाच्या संताचं. लिहिलं का? हे सहा मार्कांना येतं."

मी लिहिलं नाही. वही मिटली आणि वर्गातून बाहेर आलो. चालत चालत गोदावरीच्या घाटावर गेलो. दुपार होती, पायऱ्या तापल्या होत्या, आणि माझ्या कानांत तो पैनगंगेचा घुमारा सुरू झाला, जो तिथं असणं शक्यच नव्हतं. तो अजून अधूनमधून सुरू होतो. कानाच्या डॉक्टरांना काही सापडलेलं नाही.

आता मी लातूरला हाच विषय शिकवतो. सोन्याच्या लोभानं आलेले सैनिक मुलांना चटकन कळतात. मी जिथं अडखळतो ते दुसरीकडं. त्या धर्मगुरूंत काही असे होते की त्यांनी तिथल्या लोकांची भाषा शिकली, सैनिकांच्या क्रूरपणाविरुद्ध राजाला पत्रं लिहिली, आजाऱ्यांची सेवा केली. आणि अशाच हातांनी त्या लोकांचे देव आणि पोथ्या जाळल्या, रडणाऱ्यांच्या समोर, त्यांच्या भल्यासाठी. मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, त्यांना वाईट वाटलं नसेल का?" मी म्हणालो, "नाही. फार छान वाटलं असेल." तास संपायला वेळ होता तरी मी खडू ठेवला.

या वर्षी पावसाळ्यात जंगू माझ्या घरी आला. केस पांढरे झालेले, वनखात्यात मजूर म्हणून रिटायर व्हायला आलेला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. पहिला चहा होईपर्यंत तो मला 'सर' म्हणत राहिला, मग 'दिनू'वर आला. त्याच्या मुलीचा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला होता, पण जातपडताळणीचा दाखला अडला होता आणि त्याच्याशिवाय जागा जाणार होती.

"सातबाऱ्यावर आज्याचं नाव जंगू मडावी, बापाचं भीमा जंगू मडावी. आन शाळेच्या रजिष्टरात मी दत्ता भीमा आदिवासी. ते म्हनतेत, ह्यो दत्ता ह्याच मडाव्याचा कशावरून? पोरगी रडून राहिली, दिनू. वकील म्हनला, ज्यानं नोंद केली तो मानूस जिता असंल तर त्याचं शपथपत्र जोडा. अक्षर तर तुझंच हाय."

त्यानं त्या पानाची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली. माझं तेराव्या वर्षीचं अक्षर. कुठं खोडलेलं नव्हतं, बदललेलं नव्हतं. एका दमात, सुबक लिहिलेलं. रात्री नाव बदललं असतं तर खोडलेलं दिसलं असतं, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"लिही," तो म्हणाला, "मुख्याध्यापकाच्या सांगन्यावरून नाव बदललं. तुझी काय चूक त्यात? तू तर लेकरू होतास."

मी 'मुख्याध्यापकांच्या' एवढं लिहिलं आणि पेन थांबला. आण्णांचा फोटो त्याच खोलीत भिंतीवर आहे. त्या कागदावर मी काहीही लिहिलं असतं तरी मुलीचं काम बहुतेक झालं असतं. आण्णा काही सांगायला येणार नव्हते.

"आण्णांनी न्हाई सांगितलं," मी म्हणालो. "ते म्हणले होते, सांगतील ते लिही. मी लिहिलं. तू बोट ठेवून विचारलंस तेव्हा खोटं बोललो. आणि ओढ्यावर परत खोटं बोललो."

तो माझ्याकडं पाहत राहिला. आतून बायकोनं विचारलं, पोहे करू का.

जंगू म्हणाला, "गुरुजी वारले तवा पाड्यावरून जीप भरून मान्सं गेली हदगावला. मी न्हाई गेलो. म्हनलं, माझ्या आज्याला ज्यानं घालवलं त्याच्या मातीला मी जात न्हाई. पोरांनाबी तेच सांगत आलो." त्यानं फोटोकडं पाहिलं. "आता त्यांची माफी मी कुठं मागू, दिनू?"

मी पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: सदर विद्यार्थ्याने स्वतःचे नाव जंगू भीमा मडावी असे सांगितले असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर मी स्वतः ते दत्ता भीमा आदिवासी असे लिहिले. त्यानं ते जुळवून जुळवून, बोट फिरवत वाचलं. या वेळी त्याला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात नोटरीचा शिक्का झाला. मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो. सकाळपासून तो कामापुरतंच बोलला होता. नांदेडची गाडी लागली, फाइल छातीशी धरून तो गर्दीतून निघाला, आणि मला वाटलं की एकदा तरी, सगळ्या लोकांत, मोठ्यानं.

"जंगू!" मी हाक मारली.

तो चालत राहिला. मी आणखी एकदा हाक मारली, जवळ जाऊन. मधे चार माणसंसुद्धा नव्हती. त्याची पाठ हलली नाही.

मग मी दुसरं नाव घेतलं. तो लगेच वळला.